भाकरीच्या मुलखातलं जेवण

वॉशिंग्टनला लागून असलेल्या सिल्व्हर स्प्रिंगमध्ये इथिओपियन खाणावळींना तोटा नाही. १९७४ साली सम्राट हैले सेलासींची सत्ता उलथली, लष्करी राजवटीच्या छळाला कंटाळून असंख्य लोकांनी देश सोडला आणि त्यांतले पुष्कळ जण या परिसरात स्थिरावले. म्हणून कोपऱ्यावर आणखी एक पाटी लागली तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. मला मात्र कधी एकदा तिथे जेवते असं झालं होतं.

आम्हा तिघांत ताट एकच आलं. ताटभर इंजेरा, म्हणजे टेफ नावाच्या धान्याची भाकरी, आणि तिच्यावरच सगळे पदार्थ वाढलेले. टेफचा दाणा जेमतेम मिलिमीटरभर. त्याचं पीठ दोन-तीन दिवस आंबवायचं, मिताद या तव्यावर गोल ओतायचं, झाकण ठेवायचं. उलटायचं मात्र नाही. वरच्या अंगाला असंख्य डोळे पडतात आणि रस्सा त्यांतच मुरतो. परदेशात पुष्कळदा टेफमध्ये गहू किंवा सातू मिसळतात. इथली निव्वळ टेफची होती, गडद तपकिरी, चांगली आंबट.

डोरो वातसाठी कांदा आधी तेलातुपाशिवाय, मंद आचेवर पार लगदा होईपर्यंत परततात. मग बर्बेरेचं लाल तिखट, मसाले घालून कढवलेलं तूप, कोंबडी आणि शेवटी उकडलेली अंडी. या पदार्थात घाई लपत नाही. इथे ती झालेली नव्हती. शिरो तर डाळीच्या पिठाचं, लसणीचं, खदखदत आलेलं पिठलंच. मालकीणबाईंनी रीतीप्रमाणे इंजेराच्या तुकड्यात घास गुंडाळून मला स्वतःच्या हाताने भरवला. तिथे पाहुण्याने नाही म्हणायचं नसतं, आणि मला म्हणावंसंही वाटलं नाही.

ताटातल्या भाज्यांना तेल कोणतं, असं मी विचारलं. बाईंनी आतून मूठभर काळ्या, निमुळत्या बिया आणून तळहातावर दाखवल्या. कारळे! नगरकडे आमच्या घरी ज्यांची चटणी बाराही महिने बरणीत असते, ते. कारळं मूळचं इथिओपियाच्या डोंगराळ भागातलं. नाचणीही पूर्व आफ्रिकेच्या त्याच उंच पट्ट्यातली, ज्वारी सुदानच्या बाजूची, बाजरी सहाराच्या दक्षिण काठावरची. मलिक अंबर इथिओपियातून दख्खनेत आला, निजामशाहीचा वजीर झाला, हे आपण शाळेत शिकतो. ज्वारी-बाजरी त्याच्या हजारो वर्षं आधी भारतात पोचली होती, हे मात्र आपल्याला कुणी सांगत नाही. आफ्रिकी जेवण म्हटलं की आपल्यातले काही जण चव न घेताच नाक मुरडतात. मला त्याचं फार वाईट वाटतं, रागही येतो. ज्या मुलखाच्या धान्यावर आपल्या पिढ्यान्‌पिढ्या पोसल्या, तिथल्या पानाला आपण आधी आदराने हात लावायला हवा.

इथिओपियातले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बुधवारी आणि शुक्रवारी मांस, अंडी, दूध, तूप वर्ज्य करतात. डाळी आणि भाज्या चालतात. त्या उपासाचं ताट शाकाहारी माणसाला पर्वणी आहे: मसुरीचं लाल वरण, वाटाण्याच्या डाळीचं पिवळं, हिरवा पाला, बीट. उन्हाळ्यात आई येईल तेव्हा तिला शुक्रवारीच न्यायचं ठरवलंय. तिला सांगून ठेवलंय, येताना घरची कारळ्याची चटणी जास्त आण, एक डबा मालकीणबाईंना द्यायचाय.