उंबरखिंडीतील तहान

खोपोलीहून पालीकडे जाताना डावीकडे एक फाटा फुटतो. तो चावणी गावापाशी, अंबा नदीच्या काठी, उंबरखिंडीच्या स्मारकाकडे नेतो. भूकरमापक म्हणून हयातभर जमिनी मोजलेल्या माझ्या 81 वर्षांच्या वडिलांना ही रणभूमी पाहावयाची होती. गुडघ्यांमुळे किल्ले सुटले; येथे गाडी जवळपर्यंत जाते, एवढ्या आधारावर मी होकार दिला.

पोहोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. ऊन फेब्रुवारीचेच, पण खोलगट जागेत वारा पडलेला. पूर्वेकडील सह्याद्रीच्या भिंतीकडे बोट दाखवून बाबा सांगू लागले. पुण्यात तळ देऊन बसलेल्या शाहिस्तेखानाने कारतलबखानाला कोकणात धाडले. लोणावळ्याजवळच्या कुरवंडे घाटाने त्याची फौज उतरली. शिवाजी महाराजांनी तिला घाटमाथ्यावर अडवले नाही, खाली येऊ दिले. अवजड सामान, अरुंद वाट, दोहों बाजूंस झाडीचे डोंगर. चढापेक्षा उतारच गुडघ्यांना अधिक जाचतो, हे बाबांनी स्वतःच्या अनुभवावरून मध्येच जोडले. फेब्रुवारी 1661 मध्ये मागची आणि पुढची वाट रोखली गेली व झाडीतून मारा सुरू झाला. फौजेला पळण्यास मार्ग नव्हता, पिण्यास पाणी नव्हते. खानासोबतच्या रायबाघन या सरदार स्त्रीने शरण जाण्याचा सल्ला दिला. सारे सामान मागे टाकून फौज परत गेली. माझ्या मते त्या दिवशी तलवारीपेक्षा तहानेनेच अधिक काम केले.

एवढे सांगून बाबा एकाएकी गप्प झाले. ओठ कोरडे पडले होते, हात थरथरत होता. विचारल्यावर कळले की सकाळपासून त्यांनी पाण्याचा थेंबही घेतला नव्हता. रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू. ‘वाटेत सोय कुठे होईल?’ या संकोचाने त्यांनी मुकाट्याने पाणीच टाळले. उतारवयात तहानेची जाणीवही मंदावते. मी फोनवर किलोमीटर पाहिले होते. सावली कुठे, शौचालय कुठे, हे कोणालाही विचारले नव्हते. पाण्याची बाटली माझ्याच पिशवीत होती.

जवळच्या घरातील एक आजी पुढे आल्या. “दादा, पडवीत बसा. घोटघोट घ्या, घाई करू नका,” म्हणाल्या, आणि न विचारताच मागच्या दारची मोरी दाखवली. बाबांचा संकोच तेथेच निम्मा उतरला. अर्ध्या तासाने चेहऱ्यावर तजेला आला. (अशी गोळी चालू असलेल्यांनी प्रवासात पाणी किती घ्यावे, गोळी केव्हा घ्यावी, हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. आम्ही ते परतल्यावर विचारले.)

निघताना बाबांनी आजींना विचारले, “खिंडीत मे महिन्यापर्यंत पाणी कुठे टिकते?”

आजी बोटे मोडीत एकेक ओहोळ, एकेक डोह सांगू लागल्या. बाबांनी खिशातील वही काढली, आणि लिहिण्याआधी तांब्यातील उरलेले पाणी पिऊन टाकले.