नीरेकाठी सांजोवेझे

मुळशी तालुक्यातील मौजे जांबे हे पावसाच्या आणि भाताच्या हिशेबाने पिढ्यान्पिढ्या जगत आलेले गाव; आज हिंजवडीच्या उत्तुंग इमारतींची रांग त्याच्या शिवारापर्यंत येऊन ठेपली आहे, आणि ज्या खाचरांवरून आंबेमोहोराचा सुगंध दरवळत असे त्यांपैकी कित्येकांच्या दप्तरी बिनशेतीचा शेरा पडला आहे. अशा गावातून निघून एका परदेशी द्राक्षवेलीचे कूळ धुंडाळण्यास जावे, आणि तेही इटलीतील तस्कनीला नव्हे तर सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यात, हा बेत प्रथम ऐकणाऱ्याला चमत्कारिक वाटेल. परंतु इटलीच्या तांबड्या वाइनचा जो आत्मा, त्या सांजोवेझे जातीची लागवड अकलूजजवळच्या मोटेवाडीच्या माळावर झालेली आहे, आणि ती पाहावी अशी उत्कंठा फार दिवसांची होती.

पुणे मागे टाकून सोलापूरचा रस्ता धरला की लवकरच मांजरी लागते, जेथे १९९७ साली राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र स्थापन झाले. महाराष्ट्राला द्राक्ष नवे नाही. तासगाव, नाशिक, सोलापूर या मुलखांनी खाण्याच्या द्राक्षाची विद्या आपल्या बळावर कमावली. वाइनच्या द्राक्षाचा प्रपंच मात्र निराळा, आणि त्याची सुरुवात शामराव चौगुले यांनी विसाव्या शतकाच्या आठव्या-नवव्या दशकांत नारायणगावी केली. पुढे २००१ साली राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले आणि या धंद्यास राजमान्यता मिळाली.

भिगवणपाशी उजनीचे पाणी डावीकडे चमकू लागते आणि मग इंदापूर येते. मालोजीराजे भोसले याच भूमीवर लढाईत कामी आले, आणि हा परगणा पुढे शहाजीराजांच्या जहागिरीत होता. इंदापुराहून दक्षिणेकडे वळून नीरा ओलांडली की अकलूज. तेथील नदीकाठच्या किल्ल्याच्या तटाशी उभे राहिले असता मन क्षणभर विषण्ण होते. कारण १६८९ साली औरंगजेबाची छावणी अकलूजला असतानाच संभाजीराजे पकडले गेल्याची वार्ता तेथे पोहोचली होती. ज्या माळांवर मोगली फौजेचे तळ पडले, त्याच मुलखात पुढे भाटघरच्या धरणाचे पाणी नीरेच्या उजव्या कालव्याने आले, त्यामागोमाग ऊस आला, आणि शंकरराव मोहिते-पाटील यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पर्जन्यछायेतील या तालुक्याचे भाग्य पाण्याने पालटले. जेथे पाणी चढत नाही अशा मुरमाड उतारांचे भाग्य मात्र पालटायचे राहिले होते.

ते काम द्राक्षाने केले. २००७ च्या सुमारास मोहिते-पाटील घराण्यातील रणजितसिंह आणि अर्जुनसिंह, दिल्लीचे कपिल आणि गौरव सेखरी, व इटलीचे आलेसियो आणि आंद्रेआ सेक्की अशा बंधूंच्या तीन जोड्यांनी मिळून ‘फ्रातेल्ली’ या नावाने येथे द्राक्षमळे वसवले, आणि तस्कनीतील मुरब्बी वाइनकार पिएरो मासी यांस त्यांनी आपल्यात सामील करून घेतले. मासी हे तेथील कियांती वाइनच्या परंपरेत मुरलेले गृहस्थ असल्याने सांजोवेझे त्यांच्या मागोमाग आला यात नवल ते काय?

या वेलीची वंशावळ जुनी आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तस्कनीच्या जानव्हेत्तोरिओ सोदेरिनी याने आपल्या शेतीविषयक लेखनात तिचा निर्देश केला, असे तज्ज्ञ मानतात. १७१६ साली तस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो दे मेदिची याने फर्मान काढून कियांती, पोमिनो, कारमिन्यानो आणि वाल दार्नो दि सोप्रा या चार मुलखांच्या सरहद्दी ठरवून दिल्या, जेणेकरून बाहेरच्या मालास त्या गावांचे नाव लावता येऊ नये. पुढे १८७२ साली इटलीचा माजी पंतप्रधान बेत्तिनो रिकासोली याने कियांतीच्या मिश्रणात सांजोवेझेस अग्रस्थान दिले, आणि मोन्ताल्चिनो येथे बियोन्दी सान्ती घराण्याने निव्वळ याच द्राक्षाची ब्रुनेल्लो ही वाइन घडवून त्याची थोरवी जगासमोर ठेवली. मात्र या वैभवाचा भार ज्यांनी वाहिला, ते तेथील कष्टकरी निम्म्या पिकाच्या बोलीवर जमिनी कसत. आपल्याकडील अर्धेलीची ही वहिवाट तस्कनीत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकून होती. द्राक्षाचा वारसा सांगताना राजवाड्यांची नावे घ्यावीत आणि त्या हातांची आठवणही होऊ नये, हे मला रास्त वाटत नाही.

मोटेवाडीच्या मळ्यात काढणी चालू होती. उन्हे तापण्यापूर्वी माल उतरवायचा म्हणून बायका पहाटेपासून ओळीओळींतून सरकत होत्या. डावा हात घडाखाली, उजव्या हातात कात्री, आणि तुटलेला घड न आपटता क्रेटमध्ये ठेवण्याची ती सराईत हळुवारता. सांजोवेझेचा घड दाट, मणी निळसर जांभळा आणि साल पातळ. मणी चिमटून पाहिला तर रस जवळजवळ बेरंग निघतो. तांबडेपणा सगळा सालीत, म्हणूनच रस सालीसकट आंबवावा लागतो.

कियांती ४३ अक्षांशापलीकडची, आणि अकलूज १८ च्या आसपास. तेथे हिवाळ्यात वेल पाने गाळून निद्रिस्त होते. येथे तिला विसावा असा नाहीच. एका वयोवृद्ध बागवानाने मला हे समजावून सांगितले ते त्याच्याच शब्दांत सांगतो : “साहेब, ही येल थंडीत झोपत न्हाई. म्हणून आपणच तिला छाटून निजवायची, अन् आपणच उठवायची.” एप्रिलमधील खरड छाटणीत काडी तयार होते, पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरात गोडी छाटणी होते, काडीवर पेस्ट लावून डोळे फोडले जातात, आणि मग थंडीत भुरीवर व केवड्यावर डोळ्यांत तेल घालून पहारा. युरोपात निसर्ग जे करतो ते येथे माणसाने बुद्धीने करायचे, हे या बागेचे खरे कर्तृत्व. सांजोवेझेचे तस्कनीतील मूळ कितीही कुलीन असो, माळशिरसात त्याला जगवले ते या छाटणीने.

‘सेत्ते’ ही येथली मानाची वाइन, सांजोवेझे आणि काबर्ने सोव्हिन्यों यांच्या मिलाफाची, ओकच्या पिपात मुरवलेली. तिच्या पहिल्या घोटात पिकल्या करवंदाचा आंबटगोडपणा आणि शेवटी जिभेवर हलका तुरटपणा जाणवतो. तो तुरटपणा मला प्रिय वाटला, कारण त्यात इटालियन जातीचा करारीपणा शाबूत आहे.

परंतु कोझिमोच्या फर्मानाची बरोबरी करणारे काही या माळासाठी अद्याप व्हायचे आहे. नाशिकच्या वाइनला भौगोलिक मानांकन मिळाले. माळशिरसच्या उतारांनाही त्यांचे नाव मिळावयास हवे. त्यासाठी नवी मोजणी करण्याचेही कारण नाही. सातबाऱ्यावर पीकपाहणीची नोंद आहेच. तीत पिकाबरोबर द्राक्षाची जात, लागवडीचे वर्ष आणि माळाचे नाव नेमाने उतरत गेले तर पन्नास वर्षांनी मोटेवाडीच्या सांजोवेझेचा पुरावा कोणाकडे मागावा लागणार नाही. जांब्याच्या कोणत्या खाचरात कोणता भात पिकत होता, याची अशी बिनचूक नोंद आज कोणी मागितली, तर ती देता येणे कठीण आहे.