एका खोक्यासाठी मिरज आणि धारवाड

बेळगावहून धारवाडला गाडीनं जायला सव्वा-दीड तास पुरतो. मला या खेपेला पुरते नऊ महिने लागले. कारण सोबत दोन लाकडी खोकी न्यायची होती, आणि ती आधी माझ्या हातानं तयार व्हायची होती.

झालं असं. आमचे सासरे धारवाडला असतात. मी त्यांना मामा म्हणतो, त्यांच्याकडं ‘माव’ म्हणतात. दोन्ही हाकांना ते सारखंच कमी उत्तर देतात. आमचं लग्न १९९१ चं. इतक्या वर्षांत आमच्यात जे काही बोलणं झालं ते एका पोस्टकार्डावर मावेल. माझं कन्नड बाजारापुरतं, त्यांचं मराठी पाहुण्यापुरतं. पण त्यांच्या खोलीत रेडिओग्राम लागला आणि मल्लिकार्जुन मन्सूर गाऊ लागले, की आम्ही दोघं तासभर शेजारी बसत असू. कुणी मध्ये बोललं की मामा तर्जनी वर करून म्हणत, “सुम्मनिर्री!” म्हणजे गप्प बसा. माझ्या नातेसंबंधाचा सगळा पाया या एका कन्नड शब्दावर उभा होता.

मग तो रेडिओग्राम वाळवीनं खाल्ला. नातवंडांनी मोबाईलवर मन्सूर लावून दिले, तर मामांनी दोन मिनिटं ऐकून तोंड फिरवलं. “इद मन्सूर अल्ल, गुंगाड.” हे मन्सूर नव्हेत, डास आहे. त्यानंतर त्यांनी गाणं ऐकणंच सोडलं. वय चौऱ्याऐंशी. गेल्या दिवाळीला आम्ही गेलो तर दिवसभर भिंतीकडं बघत बसलेले. परतताना कित्तूर मागं पडलं तरी ही काही बोलेना. शेवटी मीच म्हणालो, “मी करतो स्पीकर. त्यात काय आहे, लाकडाचं खोकं तर आहे.”

वाचकहो, हे वाक्य फार महागात पडलं.

लाकूड घरात होतंच. २०१९ च्या ऑगस्टमधल्या त्या पावसात शहापुरातल्या आमच्या जुन्या घराची मागची भिंत बसली, तेव्हा सागवानी दारांच्या फळ्या मी सोडवून आणल्या होत्या. आजोबांच्या हातची दारं. ती टाकवत नव्हती आणि उपयोगही सुचत नव्हता. वाटलं, याहून चांगलं काय? चांगल्या लाकडाचं खोकं, चांगला आवाज.

साडेसहा इंची वूफर, एक इंची ट्वीटर आणि दोघांत सूर वाटून देणारा तयार क्रॉसओव्हर अशा दोन जोड्या आणल्या. घरी येऊन पहिल्यांदा वूफर नुसता हातात धरून वाजवला, तर आवाज पत्र्याच्या डब्यासारखा. घाबरलो. मग धाकट्या पुतण्यानं भोक पाडलेली एक मोठी फळी आणून त्यावर तो टेकवला, आणि एकदम तबल्याचा बायाँ खोलीत आला. कारण साधं आहे. स्पीकरचा पडदा पुढं सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची ओढली जाते. खालचे सूर कडेनं वळून एकमेकांना भेटतात आणि एकमेकांना खाऊन टाकतात. मागची हवा कोंडून ठेवली, तरच पुढची ऐकू येते. बॉक्स असतो तो यासाठी.

त्या वूफरला बंद पेटी करायची तर आतली जागा वीस लिटर हवी होती. स्पीकरचा मागचा भाग आणि आतली आडणी यांचं एखादं लिटर वेगळं धरून मी २३ बाय २५ बाय ३७ सेंटीमीटर असं माप काढलं. गुणाकार २१,२७५ घन सेंटीमीटर, म्हणजे सव्वाएकवीस लिटर. बँकेत आयुष्यभर आकडेमोड केलेला माणूस मी. गुण्या लावून, रंधा मारून अठरा मिलीमीटरच्या फळ्या केल्या आणि त्याच मापाची पेटी जोडली. जोडून झाल्यावर कळलं की हे माप आतून धरायचं असतं. मी बाहेरून धरलं होतं. प्रत्येक बाजूनं लाकडाची जाडी वजा जाता आत उरलं १९.४ बाय २१.४ बाय ३३.४. चौदा लिटरही नाही! एक तृतीयांश जागा भिंतींनीच खाल्ली. मापात घोळ, त्यात आडणी बसवायचाही कंटाळा केलेला. ऐकलं, तर तानपुऱ्याचा खर्ज असो की वाहिनीवरच्या बातम्या, सगळ्यांत एकच ‘भुम्म’.

तरी मी हट्टानं पॉलिश केलं. मग चैत्र-वैशाखाची झळ लागली, फळ्या सुकून आकसल्या आणि दोन सांधे उघडले. पेटीवर बोट वाजवलं तर डफासारखी वाजली. बायको काही म्हणाली नाही. ती तिच्या वडिलांवर गेली आहे.

ज्येष्ठात तिच्या तानपुऱ्याची जवारी लावून घ्यायला मिरजेला जायचं होतं. सकाळची गाडी धरली. हा रेल्वेमार्ग आपल्यातल्या बहुतेकांनी शेकडो वेळा केला असेल, पण गाण्याचा माणूस सोबत असला की तो वेगळा दिसतो. बेळगाव सुटून थोडं गेलं की सुळेभावी. १९२४ साली शिवपुत्र कोमकळी नावाचं मूल इथं जन्मलं आणि पुढं कुमार गंधर्व झालं. मग पाच्छापूर, घटप्रभा, रायबाग. कुडचीजवळ कृष्णा ओलांडली तेव्हा पाणी अजून तळाशीच होतं. शेडबाळ गेलं की फलाटावरच्या पाट्यांची लिपी बदलते. डब्यातली भाषा मात्र बदलत नाही, ती आधीपासूनच दोन्ही असते. माझ्यासमोरची आजी नातवाला कन्नडमध्ये रागावत होती आणि मराठीत समजावत होती.

मन्सूरही लहानपणी याच मिरजेत नीळकंठबुवा आलूरमठांकडं शिकले. पुढं मंजीखाँ आणि बुर्जीखाँ या अल्लादियाखाँच्या मुलांकडं. आमचे मामा एरवी सीमेपलीकडचं काही मान्य करत नाहीत, पण “मन्सूर निम्म मिरजीगे होगि कलितरु”, तुमच्या मिरजेला जाऊन शिकले, एवढं मात्र आपणहून सांगतात.

सतारमेकर गल्लीत शिरलं की कुठल्या ना कुठल्या दुकानातून तार छेडल्याचा आवाज येतोच. ओट्यांवर पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले कडू भोपळे वाळत टांगलेले. हे कारागीर मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात तलवारींचं काम कमी होत गेलं आणि फरीदसाहेबांनी हात वाद्यांकडं वळवला, तिथपासून पिढ्यान्‌पिढ्या हे चाललं आहे. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

आमचे कारागीर घोडीवर कानस फिरवत होते, दोऱ्याचा तुकडा तारेखाली सरकवून ऐकत होते. मी धीर करून माझ्या सागवानी खोक्यांची कथा सांगितली. त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही.

“सागवान कशाला घातलंसा?”

“चांगलं लाकूड, चांगला आवाज…”

त्यांनी तानपुऱ्याच्या तबलीवर नख वाजवलं. सबंध भोपळा बोलला. “हे तुणाचं. हे बोलाय पायजे. तार एवढीशी, तिचा आवाज एवढासा. लाकूड बोललं तरच गाणं. तुमच्या पेटीत गाणारा आधीच गाऊन ऱ्हायलाय, तानपुरा आधीच वाजून ऱ्हायलाय. पेटी मध्ये बोलली तर ती तिसरीच कोण तरी बाई गातीया. तुमच्या लाकडानं गप बसाय पायजे, साहेब.”

सुम्मनिर्री! मिरजेच्या त्या ओट्यावर मला मामाच बसलेले दिसले.

परतीच्या गाडीतच नवा हिशेब मांडला. घन सागवान नको. ते हवेबरोबर फुगतं आणि आकसतं. प्लायवूडचे थर आडवे-उभे चिकटवलेले असतात, त्यामुळं बेळगावच्या चार महिन्यांच्या ओलीतही ते फारसं हलत नाही. वखारीतून अठरा मिलीमीटरची वॉटरप्रूफ शीट आणली. आठ बाय चारच्या शीटमधून दोन्ही बॉक्स निघून अर्धी शिल्लक राहते. या वेळी माप आतून धरलं. बाहेरून बॉक्स २६.६ बाय २८.६ बाय ४०.६ झाला. पुढच्या फळीची गोल भोकं माझ्या जिगसॉनं अंड्यासारखी झाली असती, म्हणून ती उद्यमबागेतल्या एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये राउटरवर पाडून घेतली. नवशिक्यानं सगळंच स्वतः करायचा हट्ट धरू नये, हे मला उशिरा सुचलं.

जोडताना फेव्हिकॉल, शिकंजे आणि चोवीस तास धीर. आत काय भरायचं म्हणून गादीवाल्याकडं गेलो, तर तो कापूस द्यायला निघाला. कापूस ओल धरतो आणि तळाशी बसतो. उशीत भरतात तो पॉलिस्टर फायबर घेतला आणि सैलसर पसरला. आतल्या भिंतींवर आपटून फिरणारा आवाज त्यात मुरतो. शेवटी स्पीकरच्या कडेला फोमची पट्टी लावून स्क्रू आवळले आणि जड सूर वाजवत सगळ्या सांध्यांवरून पेटती उदबत्ती फिरवली. धूर एकाच ठिकाणी थरथरला: मागं वायर बाहेर येते त्या भोकापाशी. तिथं लांबी भरली. मग पडदा बोटांनी अलगद दाबून सोडला, तर तो झटकन न येता सावकाश परत आला. हवा कोंडली होती.

आणि शहापूरचं सागवान? दोन्ही बाजूंच्या फळ्या थरथरू नयेत म्हणून मधोमध एक आडणी लागते. ती मी आजोबांच्या दारातून कापली. बाहेरून दिसत नाही. पण बोट वाजवलं की बॉक्स भिंतीसारखा ठक्क करतो, तो तिच्यामुळं.

श्रावणातल्या रविवारी दोन्ही बॉक्स चादरीत गुंडाळून मागच्या सीटवर ठेवले आणि पट्टे लावले. हिरेबागेवाडी, कित्तूर, सगळीकडं हिरवंगार. धारवाडच्या घरी पोहोचलो. मामा खुर्चीत होते. मी वायरी जोडल्या, मेव्हण्यानं जुनं ध्वनिमुद्रण लावलं. मन्सूरांचा यमनी बिलावल.

मामांनी डोळे मिटले, मग उघडले. डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. माझ्या पोटात गोळा आला.

“मन्सूर कुठं आहेत?” ते चक्क मराठीत म्हणाले. “ह्या भिंतीत का त्या भिंतीत?”

खरंच होतं. आवाज होता, पण गाणारा कुठंच बसलेला नव्हता, आणि खर्ज तर गायबच. मी बॉक्सच्या मागं गुडघ्यावर बसलो. घाईघाईत एका बॉक्सची लाल आणि काळी वायर उलटी लागली होती. एकाचा पडदा पुढं येई तेव्हा दुसऱ्याचा मागं जाई; दोघं एकमेकांचं खात होते. पहिल्या दिवशी हातात धरलेल्या वूफरचंच दुखणं, फक्त या वेळी ते सगळ्या खोलीभर पसरलेलं. वायरी फिरवल्या.

दोन बॉक्सच्या बरोबर मधे, जिथं नुसती भिंत होती, तिथं मन्सूर येऊन बसले. मागं तानपुरे.

“हां,” मामा म्हणाले. “ईग बंद्रु नोड्री.” आत्ता आले बघा.

नऊ महिन्यांचं सगळं मनात दाटून आलं होतं. मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली आणि सांगू लागलो: पहिल्यांदा माप कसं चुकलं, मिरजेचे कारागीर काय म्हणाले, आत आमच्या शहापूरच्या दाराचं सागवान कसं आहे…

मामांनी माझ्याकडं न बघता तर्जनी वर केली.

“सुम्मनिर्री, अळियंद्र.”

मी गप्प बसलो. पुढचा तासभर आम्ही दोघं काही बोललो नाही.