कान्हेरीच्या पोढ्या

बोरीवली म्हटले की मुंबईकराला आठवते ती गाडीची गर्दी. पण आम्हां बोरीवलीकरांच्या पूर्वेला सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे एक अरण्य आहे, आणि त्याचा आम्हांला थोडा गर्वही आहे. या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या पोटात विहार व तुळशी हे तलाव आहेत, आणि फाटकापासून सहा-सात किलोमीटर आत कान्हेरीची लेणी.

या अरण्याशी माझी सोयरीक डॉक्टरांनी जुळवली. दिवाळीच्या अंकात हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण मला नैराश्याचा आजार आहे. तो येतो, जातो, आणि आगंतुक पाहुण्यासारखा न कळवता पुन्हा येतो. कॉलेजात करुणरसाचे विभाव-अनुभाव समजावणाऱ्या माणसाला सकाळी दात घासणे म्हणजे गड चढणे वाटावे, यातला विनोद आता दिसतो. तेव्हा दिसत नसे. वडीलधारी मंडळी म्हणत, "मन घट्ट कर." तेवढे साधले असते तर आजार कसला? डॉक्टर म्हणाले, "गोळ्या चालू ठेवा, झोपेची वेळ सांभाळा आणि रोज चाला." तेव्हापासून चालतो आहे.

कान्हेरीत शंभरांहून अधिक लेणी आहेत. बहुतेक मंडळी तिसऱ्या क्रमांकाचे चैत्यगृह पाहून परततात. मला ओढ लागते ती पाण्याच्या टाक्यांची. विहारांजवळ कातळात खोदलेल्या या टाक्यांना शिलालेखांत 'पोढी' म्हटले आहे. पन्हळींवाटे पावसाचे पाणी त्यांत उतरे. कल्याण-सोपाऱ्याच्या दात्यांची नावेही लेखांत आहेत. भिक्षूंचा हिशेब सरळ होता: उन्हाळा येणारच, म्हणून पाऊस असताना साठवावे. वैशाखात टाके खोदून काय उपयोग?

आमचाही संसार आता याच हिशेबाने चालतो. हा आजार एकदा झालेल्यांपैकी सुमारे निम्म्यांना तो पुन्हा गाठतो, आणि दर खेपेगणिक ती शक्यता वाढते. म्हणून बरे वाटताच औषध सोडायचे नसते. वारंवार उलटणाऱ्या आजारात ते दोन वर्षे किंवा अधिकही घ्यावे लागते, आणि थांबवायचे ते डॉक्टरांच्याच विचाराने. पूर्वखुणा आमच्या हिला पाठ आहेत: पहाटे तीनला मोडणारी झोप, टाळलेले फोन, घडी न मोडलेले वर्तमानपत्र. दोन दिवस असे गेले की ती गाजावाजा न करता दवाखान्याची वेळ ठरवते. चांगल्या दिवसांत आम्ही दोघांनी मिळून केलेला हा ठराव आहे.

विहारांतले दगडी बाक पाहून आणखी एक गोष्ट आठवते. बौद्ध ध्यानपद्धतीतून घडवलेल्या एका उपचाराची परीक्षा टीझडेल आदी संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केली. तीन किंवा अधिक वेळा नैराश्य आलेल्यांत, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी ६६ टक्क्यांना ते वर्षभरात उलटले. ध्यानाची जोड मिळालेल्यांत ३७ टक्क्यांना. विचार आला की त्याला धरायचे नाही, हाकलायचेही नाही. फक्त येताजाताना पाहायचे. मी रोज दहा मिनिटे तेवढेच करतो. कधी जमते, कधी समोरच्या माकडांकडेच लक्ष जाते!

आपल्या घरात कोणी असे मिटून बसले असेल, तर "मन घट्ट कर" म्हणू नका. डॉक्टरांकडे सोबत जा. सुरुवात कोठून करावी हे सुचेना, तर सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून आहे. आणि माणूस सावरू लागला की त्याला अरण्यात फिरायला घेऊन या. सोमवार तेवढा टाळा. त्या दिवशी उद्यान बंद असते.