सैल तारांचा संवाद

संवाद आणि विवाद हे शब्द आज आपण सभेंतील वादासाठींच वापरतों. परंतु भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत स्वरांचेच वादी, संवादी, अनुवादी व विवादी असे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांची मला अलीकडे आठवण करून दिली ती हवाई बेटांतील गिटारवादनाच्या एका रीतीनें.

हवाईंत गिटार गेली ती १८३० च्या दशकांत, मेक्सिकोकडून आलेल्या गुराख्यांबरोबर. तेथील लोकांनीं तिच्या तारा सैल करून आपल्या गाण्यास जुळवून घेतल्या. या रीतीस 'की होआलु', म्हणजे खुंटी सैल करणें, असें नांव आहे. गॅबी पहिनुई (१९२१–१९८०) हे तिचे विख्यात वादक. तिच्यांतील जुळणीच्या एका कुळास 'वाहिने', म्हणजे स्त्री, असें म्हणतात.

त्यांतील एका जुळणींत सहा तारांपैकीं तीन एकेक पूर्ण स्वर व एक अर्धा स्वर उतरवितात. चढवावी अशी एकही लागत नाहीं. पांढरी पांच हा षड्ज धरल्यास जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत प, सा, प, नी, ग, प असे शुद्ध स्वर मिळतात. डावें बोट कोठेंही न टेकतां तारा ओळीनें छेडल्या कीं, पाश्चात्त्य ज्यास मेजर सेव्हन्थ कॉर्ड म्हणतात तो स्वरसमूह एकेक पाकळी उमलावी तसा उलगडतो.

कानानें शुद्ध मिळविल्यास षड्ज, गांधार, पंचम व निषाद यांच्या कंपनसंख्यांचें प्रमाण ८ : १० : १२ : १५ असें पडतें. षड्जास पंचम जसा दीडपट, तसाच गांधारास निषाद. म्हणजे दोन संवादी जोडपीं एका घरांत. षड्जाचें आणि निषादाचें मात्र पटत नाहीं. वादक कधीं निषादाची तार वाजत असतांनाच पहिल्या पडद्यावर बोट आपटून तिला षड्जांत मिळवितो. कधीं ती ओढ तशीच राहूं देतो.

आपल्याकडेही मारवा, पुरिया अशा पंचमवर्ज्य रागांत तंबोऱ्याची पहिली तार निषादांत मिळवितातच. पण तंबोऱ्याचा आधार अढळ असतो. गिटारीवर दुसरा स्वरसमूह आला कीं आधारच बदलतो. हा भेद ध्यानांत ठेवावा.

साठी उलटल्यावर माझे सांधे धरले आणि सतारीवर तार ओढून मींड घेणें अशक्य झालें. सतारीस गवसणी घातली त्या दिवशीं संगीत संपलें असेंच वाटलें होतें. आतां पुतण्याच्या गिटारीवर ही जुळणी करून तिन्हीसांजा घटकाभर बसतों. ज्यांचीं बोटें माझ्यासारखीं आखडलीं असतील त्यांनीं आठ दिवस नुसत्या मोकळ्या तारा छेडून पाहाव्या. निषादाचें षड्जाशीं पटत नाहीं हें खरें. पण गांधाराशीं पटतें, आणि घरांत नांदावयास तेवढें पुरतें.