मोती, हजर!

आमच्या मोतीला बोलावताना आम्ही "ये" म्हणत नाही. घरात तो शब्द दिवसभर चालू असतो. "जेवायला ये", "अभ्यासाला ये". त्यातला आपला "ये" कोणता, हे बिचाऱ्याला कसे कळणार? म्हणून मी वर्गातला शब्द निवडला. बाई हजेरी घेतात तेव्हा आपण म्हणतो तोच, "हजर!"

मोती बीगल आहे, म्हणजे नाक आधी आणि कान नंतर. प्रथम स्वयंपाकघरात, मग मागच्या बागेत, मग मैदानावर दहा मीटर लांब दोरी बांधून त्याला शिकवले. "हजर" एकदाच म्हणायचे. आला की लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा. उशिरा आला तरी रागवायचे नाही, नाहीतर "गेलो की बोलणी बसतात" एवढेच तो शिकतो. आंघोळीसाठी तर "हजर" कधीच नाही, तेव्हा बाबा त्याला उचलूनच आणतात. तो लांब पळाला तर मागे धावायचे नाही, त्याला ती शिवाशिवी वाटते. आपणच उलट दिशेला पळायचे.

एवढा खटाटोप मेंढ्यांमुळे. आम्ही शेफील्डला राहतो, पीक डिस्ट्रिक्ट जवळच आहे. वसंतात तिथल्या मेंढ्या गाभण असतात. कुत्रा मागे लागला तर पोटातले कोकरू दगावू शकते. दुसरा उपाय नसेल तर शेतकऱ्याने कुत्र्याला गोळी घातली तरी १९७१ च्या कायद्यात त्याचा बचाव आहे. हे वाचून आई त्या रात्री झोपलीच नाही. मेंढ्यांजवळ मोतीचा पट्टा आम्ही सोडतच नाही.

गेल्या शनिवारी बागेत खार दिसली. मोती सुटला. मी ओरडलो, "हजर!" तो थांबला, खारीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि आला. चिकन संपले होते. मग माझ्या सँडविचमधले चीज दिले, सगळे.