तिसरी घोषणा

पुण्याहून दिल्लीला निघालेलं विमान वर उठलं, पण चाकं पोटात गेल्याचा ओळखीचा धप्प आवाज आला नाही. खालची घरघर चालूच राहिली. हवाई सेविका इंटरकॉमवर ऐकत मान हलवत होती. वैमानिक मात्र गप्प. आधी विमान सांभाळायचं, मग दिशा, बोलायचं शेवटी, असा त्यांचा शिरस्ता असतो.

मग घोषणा झाली. इंग्रजीत सविस्तर : चाकं आत जात नाहीत, खाली पक्की बसलेली आहेत, वजन कमी व्हावं म्हणून घिरट्या घालत इंधन जाळू आणि पुण्यालाच उतरू. हिंदीत फक्त 'तकनीकी कारणों से'. मराठीत काहीच नाही.

शेजारच्या साताऱ्याच्या आजींनी माझं मनगट धरलं. "काय म्हनला गं त्यो?"

वीस वर्षं अनुवाद करतेय, तरी जीभ अडखळली. "काही नाही आजी" एवढंच ओठांवर आलं. सेविका आमच्यापाशी उकिडवी बसली. "सब बता दीजिए इनको," ती हळूच म्हणाली. मी सगळं सांगितलं.

आजींनी क्षणभर विचार केला. "उतराया चाकं लागत्यातच की. भाईर हायत त्ये बरंच!"

सेविकेला हे हिंदीत सांगितलं, तशी ती खरोखर हसली.

पुढचा पाऊण तास आजी खिडकीतून पुणं बघत होत्या. वाचकाला झेपणार नाहीत म्हणून आजवर मी सौम्य केलेली वाक्यं मला एकेक आठवत होती.